उजेड वर, नायट्रेट खाली

भर समुद्रातलं पाणी चार बाटल्यांत भरलंय असं समजा. दिसायला ते अगदी नितळ असतं, पण त्याच्या एकेका थेंबात हजारो एकपेशीय वनस्पती तरंगत असतात. यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. दोन बाटल्यांत थोडं नायट्रेट टाकायचं, दोन बाटल्यांत थोडं अमोनियम. दोन्हींत नायट्रोजन आहे, शेतीच्या भाषेत नत्र. मग प्रत्येक जोडीतली एक बाटली उन्हात ठेवायची आणि दुसरी काळ्या कापडात गच्च गुंडाळून तिच्याच शेजारी. पाण्याचं तापमान सगळ्यांना सारखं. काही तासांनी चारही बाटल्यांतलं पाणी बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळणीवर अडकलेल्या पेशींनी किती नायट्रोजन आत घेतला ते मोजायचं.

नायट्रेटच्या जोडीत काळ्या बाटलीचा आकडा बहुतेक वेळा पार कोसळलेला दिसतो. अमोनियमच्या जोडीत तेवढी पडझड होत नाही. अंधारातल्या पेशीही बऱ्यापैकी अमोनियम आत घेत राहतात. पेशी त्याच, पाणी तेच, मूलद्रव्यही तेच. मग नायट्रेटचंच घोडं उजेडापाशी अडतं ते का?

त्याआधी मोजणीबद्दल थोडं, कारण ती युक्ती मला फार आवडते. पेशीत नायट्रोजन आधीपासून असतोच, मग नवा कोणता हे कळणार कसं? तर बाटलीत टाकलेला नायट्रोजन खुणेचा असतो. नेहमीच्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रात ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन असतात. खुणेच्या नायट्रोजनात एक न्यूट्रॉन जास्त. हा जड भाऊ निसर्गातही सापडतो, पण दर हजार अणूंत जेमतेम चार. त्यामुळे पेशींमधलं त्याचं प्रमाण जरा जरी वाढलं, तरी मास स्पेक्ट्रोमीटर या अणूंचं वजन ताडणाऱ्या यंत्राला ते कळतं. मात्र हे द्रव्य बेताने टाकावं लागतं. समुद्राच्या पाण्यात नायट्रेट मुळात नगण्य असेल आणि आपण त्यात भरपूर ओतलं, तर ते उपाशी माणसापुढे भरलेलं ताट ठेवून त्याचा रोजचा आहार मोजण्यासारखं होईल.

आता मूळ प्रश्नाकडे. नायट्रोजन लागतो कशाला? प्रथिनांना लागतो, डीएनएला लागतो आणि हरितद्रव्यालाही लागतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधल्या मॅग्नेशियमभोवती नायट्रोजनचे चार अणू बसलेले असतात. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली दाखवून दिलं, की समुद्रातल्या प्लवकांच्या शरीरातलं मूलद्रव्यांचं प्रमाण बरंचसं ठरलेलं असतं. पुढे ते कार्बनचे १०६ अणू, नायट्रोजनचे १६ आणि फॉस्फरसचा १ असं रूढ झालं. हे सरासरीचं गणित आहे, प्रत्येक पेशीला बांधून घातलेला नियम नव्हे. पण हिशेबाला ते पुरतं आणि आपण पुढे ते वापरणार आहोत.

पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं हे प्लवक करतात, आणि तेही जगातल्या सगळ्या वनस्पतींच्या एकूण वजनात त्यांचा वाटा एक टक्काही नसताना. एवढ्या मोठ्या कारखान्याला नायट्रोजनही तेवढाच लागणार. हवेत तो ७८ टक्के आहे आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेलाही आहे, पण त्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की बहुतेक प्लवकांना त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यांना तो नायट्रेट, नायट्राइट, अमोनियम किंवा युरिया अशा रूपांत मिळावा लागतो. यातले मुख्य दोन म्हणजे नायट्रेट आणि अमोनियम.

इलेक्ट्रॉनांचा हिशेब

पेशीला शेवटी प्रथिनं बनवायची असतात, आणि प्रथिनांत नायट्रोजन ज्या अवस्थेत असतो जवळपास त्याच अवस्थेत तो अमोनियममध्येही असतो. म्हणजे अमोनियम हा तयार माल. नायट्रेटमध्ये मात्र नायट्रोजनला ऑक्सिजनचे तीन अणू चिकटलेले असतात. ते काढून टाकून त्याचं अमोनियम करायचं, तर नायट्रोजनच्या प्रत्येक अणूला ८ इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात.

हे काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात २ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात आणि नायट्रेटचं नायट्राइट होतं. डायटमसारख्या (काचेसारख्या कवचाचे एकपेशीय प्लवक) केंद्रक असलेल्या पेशींत हा टप्पा हरितलवकाच्या, म्हणजे प्रकाशसंश्लेषण जिथे चालतं त्या कप्प्याच्या बाहेर, पेशीद्रवात उरकतो. त्यासाठीचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) इलेक्ट्रॉन घेतं ते पेशीच्या सर्वसाधारण साठ्यातून, म्हणजे साखर जाळूनही ते मिळू शकतात. दुसऱ्या टप्प्यात उरलेले ६ इलेक्ट्रॉन लागतात आणि हा टप्पा हरितलवकाच्या आतच होतो. तिथलं एन्झाइम इलेक्ट्रॉन घेतं फेरेडॉक्सिन नावाच्या छोट्या प्रथिनाकडून, आणि फेरेडॉक्सिनला ते मिळतात थेट उजेडावर चालणाऱ्या साखळीतून. दिवा गेला की साखळी थांबते. फेरेडॉक्सिन रिकामं, पुढचं काम ठप्प. आपल्या काळ्या बाटलीत नेमकं हेच झालेलं असतं.

उजेडाच्या भाषेत हा खर्च किती? प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन येतात पाणी फोडून. एक इलेक्ट्रॉन पाण्यापासून फेरेडॉक्सिनपर्यंत पोचवायला दोन ठिकाणी धक्का द्यावा लागतो, म्हणजे किमान २ फोटॉन (उजेडाचे कण). ८ इलेक्ट्रॉनांना किमान १६ फोटॉन. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूची साखरेच्या पातळीवर बांधणी करायला ४ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे एक नायट्रेट हे दोन कार्बन डायऑक्साइडच्या भावात पडतं.

आता रेडफिल्डचं प्रमाण घ्या. १०६ कार्बनला ४२४ इलेक्ट्रॉन लागले. सोबतचा सगळा नायट्रोजन नायट्रेटमधून आला असेल, तर १६ गुणिले ८, म्हणजे आणखी १२८. एकूण ५५२. त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या नायट्रेटने खाल्ला. पाणी फोडताना दर ४ इलेक्ट्रॉनांमागे ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, त्यामुळे अमोनियमवर वाढणाऱ्या प्लवकांकडून १०६ कार्बनमागे ऑक्सिजनचे १०६ रेणू यायला हवेत आणि नायट्रेटवर वाढणाऱ्यांकडून १३८. प्लवक कोणतं नत्र खातात याचा माग असा ऑक्सिजनच्या हिशेबातही उमटतो.

अमोनियम मात्र अगदीच फुकट पडतं असं समजू नका. ते आत घेतल्यावर अमिनो आम्लात गुंफायला एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन लागतं, थोडे इलेक्ट्रॉन लागतात आणि कार्बनचा सांगाडा लागतो, आणि तो सांगाडाही शेवटी प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. फरक उधारीचा आहे. दिवसा साठवलेली साखर रात्री जाळून अमोनियमचा खर्च भागवता येतो, नायट्रेटचा तितक्या सहज भागत नाही.

वक्ररेषा शून्यापासून निघत नाही

उजेड वाढवत नेला तर नायट्रोजनचं शोषण कसं वाढतं, हे समुद्रात पद्धतशीरपणे तपासणाऱ्यांत जेन मॅकआयझॅक आणि रिचर्ड डग्डेल ही नावं आधी घ्यावी लागतील. १९७२ साली त्यांनी दाखवलं, की हा आलेख एन्झाइमांच्या आलेखासारखा दिसतो. सुरुवातीला उजेडाबरोबर शोषण झपाट्याने वाढतं, मग हळूहळू सपाट होतं. अर्ध्या वेगाला पोचायला जेवढा उजेड लागतो, तो त्या प्लवकांचा त्या द्रव्यासाठीचा खुणेचा आकडा. उजेड फारच वाढला, तर भर दुपारच्या पृष्ठभागावर यंत्रणा होरपळते आणि शोषण उलट घटतंही.

आलेखाचा मला सर्वांत बोलका वाटणारा भाग मात्र त्याचं डावं टोक आहे. उजेड शून्य असताना शोषण शून्य नसतं. अमोनियमची रेषा तिथे बरीच वरून सुरू होते, नायट्रेटची खालून. हे टोक दुर्लक्षून कोणी भर दुपारी अमोनियमचं शोषण मोजलं आणि रात्र अंधारी म्हणून फक्त दिवसाच्या तासांनी गुणलं, तर आकडा कमी येईल. उलट नायट्रेटचा दुपारचा आकडा सरसकट चोवीसने गुणला, तर तो फुगेल. एकाच समुद्राबद्दल, एकाच दिवसाच्या मोजणीवरून, दोन उलट दिशांच्या चुका.

हे टोक पेशीच्या पोटावरही अवलंबून असतं. नायट्रोजनसाठी बरेच दिवस उपाशी असलेली पेशी अंधारातही नायट्रेट ओढून घेते. इथे दोन क्रिया वेगळ्या ओळखायला हव्यात: दारातून आत घेणं आणि आत घेतलेलं अंगी लावणं. मोठ्या डायटमच्या पोटात रसाने भरलेली एक ऐसपैस पोकळी असते. नायट्रेट आत आणून तिथे भरून ठेवायचं आणि उजेड आला की त्याचं अमोनियम करायचं, हा मार्ग त्यांना मोकळा असतो. अगदी चिमुकल्या पेशींकडे असं कोठार नसतं.

अर्धवट उजेडात मात्र एक गंमत होते. पहिला टप्पा २ इलेक्ट्रॉनांचा, त्यामुळे तो कसाबसा पार पडतो. दुसऱ्याला ६ हवेत आणि तेवढे मिळत नाहीत. मधल्या मधे नायट्राइट साचतं. पेशीला ते सोसत नाही, म्हणून ती ते बाहेर टाकते. समुद्रात उजेडाचा थर जिथे संपत येतो, तिथे नायट्राइटचा एक बारीक पट्टा जगभर आढळतो, त्याचं एक कारण हे मानलं जातं. दुसरे दावेदार आहेत अमोनियमचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव. तेही उजेडाने दबतात आणि सगळे सारखे दबत नाहीत. श्रेय कोणाला किती, यावरचा वाद जुना आहे. माझ्या मते तो ठिकाणागणिक वेगळा सुटेल.

अमोनियम आसपास असलं की पेशी नायट्रेटकडे सहसा पाठ फिरवतात. स्वस्त माल समोर असताना महाग कोण घेईल? पण या व्यवहाराला एक सणसणीत अपवाद आहे. मायकेल लोमस आणि पॅट्रिशिया ग्लिबर्ट यांनी १९९९ मध्ये तो मांडला. थंड पाण्यातला डायटम डोळ्यांपुढे आणा, वर कडक ऊन. उजेड पकडणारी यंत्रणा थंडीला फारशी जुमानत नाही, पण साखर बनवणारी एन्झाइमं थंडीत मंदावतात. इलेक्ट्रॉन येत राहतात, त्यांना जायला जागा नसते. तुंबलेले इलेक्ट्रॉन पेशीला जाळू शकतात. अशा वेळी डायटम गरजेपेक्षा जास्त नायट्रेट आत घेतो, त्यावर ८ पर्यंत इलेक्ट्रॉन मोकळे करतो आणि तयार झालेलं नायट्राइट किंवा अमोनियम चक्क बाहेर सोडून देतो. एरवी ज्या खर्चामुळे नायट्रेट नकोसं होतं, तोच खर्च इथे सांडव्यासारखा कामी येतो.

दात आहेत तर चणे नाहीत

आतापर्यंत बाटलीतली गोष्ट झाली. खऱ्या समुद्रात अडचण याहून मोठी आहे, कारण तिथे उजेड आणि नायट्रेट एकमेकांच्या वाटेला फारसे जातच नाहीत. उजेड वरून येतो आणि झपाट्याने विरतो. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच संपतो, निळा सर्वांत खोल जातो. पृष्ठभागावरच्या उजेडाचा एक टक्का उरतो ती खोली साधारणपणे प्लवकांच्या राज्याची वेस मानतात. गढूळ किनाऱ्यावर ती काही मीटरांवर येते, नितळ महासागरात १०० मीटरच्याही खाली जाते. नायट्रेटचं बरोबर उलट. वरच्या थरातलं सगळं प्लवक खाऊन टाकतात, त्यांची मेलेली शरीरं आणि त्यांना खाणाऱ्यांची विष्ठा बुडते, आणि खोल अंधारात जिवाणू त्याचं पुन्हा नायट्रेट करतात. उष्ण कटिबंधाच्या कडेच्या विशाल महासागरी भोवऱ्यांत पृष्ठभागावर नायट्रेट जवळपास शून्य असतं. तिथेच प्रशांत महासागरात एक किलोमीटर खाली लिटरमागे सुमारे ४० मायक्रोमोल. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत.

या दोन टोकांच्या मधे, साधारण १०० मीटरच्या आसपास, एक तडजोडीचा थर असतो. उजेड मंद पण पुरेसा, नायट्रेट खालून झिरपणारं. हरितद्रव्य सर्वांत जास्त इथे सापडतं. हरितद्रव्य जास्त म्हणून पेशीही जास्त असतील, असं मात्र नाही. मंद उजेडात पेशी आपली उजेड पकडण्याची जाळी मोठी करते, म्हणजे तेवढ्याच पेशीत हरितद्रव्य जास्त. ती जाळी बनते प्रथिनांची, आणि प्रथिनांना लागतो नायट्रोजन. थोडक्यात, उजेड पकडायला नायट्रोजन हवा आणि नायट्रेट पचवायला उजेड हवा. पैशाकडे पैसा जातो, तसला हा प्रकार.

प्लवकांनी यातून वाटा काढल्या आहेत. डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय प्लवकांपैकी काहींना पोहता येतं. शेपटीसारख्या दोन तंतूंनी ते तासाला साधारण एक मीटर जातात. दिवसा वर उजेडात साखर करायची, रात्री खाली जाऊन त्या साखरेच्या जोरावर नायट्रेट घ्यायचं. रायझोसोलेनिया नावाच्या डायटमना तर पोहताही येत नाही. उत्तर प्रशांत महासागरात त्यांच्या सुईसारख्या पेशी एकमेकींत गुंतून काही सेंटिमीटरांची चटई तयार होते. ही चटई आपलं वजन बदलून १०० मीटरच्या खाली बुडते, पोकळ्यांत नायट्रेट भरून घेते आणि पुन्हा तरंगत वर येते. त्यांच्या पोटातल्या रसात सापडलेलं नायट्रेट आजूबाजूच्या पाण्याच्या हजारो पट होतं, त्यावरूनच हा प्रवास उघडकीला आला.

प्रोक्लोरोकॉकसने याच्या नेमकं उलट केलं. हा जीव मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, साधारण ०.६ मायक्रोमीटरचा; सॅली चिझम आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली त्याची ओळख जगाला करून दिली. भरपूर उजेडात राहणाऱ्या त्याच्या अनेक वाणांनी नायट्रेट पचवायची जनुकंच टाकून दिलेली आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उफराटं वाटलं होतं. उजेड मुबलक असणाऱ्यांनीच उजेडखाऊ यंत्र टाकावं? पण त्यांच्या थरात नायट्रेटच नाही. न चालणारं यंत्र सांभाळायलाही नायट्रोजन, लोह आणि ऊर्जा लागते. ते शेजाऱ्यांनी टाकलेल्या अमोनियमवर भागवतात. पुढे नायट्रेट वापरू शकणारे काही वाणही सापडले, म्हणजे तो दरवाजा सगळ्यांनीच बंद केलेला नाही.

हवेतला नायट्रोजन थेट वापरणारेही थोडे आहेत. त्यांना एका रेणूमागे ८ इलेक्ट्रॉन आणि किमान १६ एटीपी मोजावे लागतात, आणि वर त्यांचं एन्झाइम ऑक्सिजनने निकामी होतं. म्हणून क्रोकोस्फेरा नावाचा सूक्ष्मजीव हे काम रात्री करतो. ट्रायकोडेस्मियम मात्र ते दिवसाढवळ्या, ऑक्सिजन सोडत असतानाच उरकतो. त्याची कसरत हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दक्षिण ध्रुवाभोवतीच्या महासागराचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण तिथे पृष्ठभागावर नायट्रेट मुबलक आहे आणि उन्हाळ्यात दिवसही लांबलचक, तरी ते संपत नाही. कमी पडतं लोह. नायट्रेट आणि नायट्राइट पचवणाऱ्या दोन्ही एन्झाइमांत लोह असतं, फेरेडॉक्सिनमध्ये लोह असतं, उजेड पकडणाऱ्या साखळीतही असतं. उजेड मंदावला की साखळ्या वाढवाव्या लागतात, म्हणजे लोहाची गरज आणखी वाढते. वादळी वाऱ्याने खोलवर घुसळल्या जाणाऱ्या त्या पाण्यात पेशींचा बराच वेळ अंधुक उजेडात जातो, त्यामुळे दोन्ही टंचाया एकमेकींना खतपाणी घालतात.

हा हिशेब कार्बनपर्यंत जातो

१९६७ साली डग्डेल आणि जॉन गोअरिंग यांनी प्लवकांच्या वाढीचे दोन भाग केले. अमोनियमवरची वाढ म्हणजे वरच्या थरातच फिरणारं जुनं नत्र: एकाने टाकलं, दुसऱ्याने घेतलं. नायट्रेटवरची वाढ म्हणजे बरीचशी खालून आलेली नवी आवक. दीर्घ काळाचा विचार केला, तर जेवढी नवी आवक, साधारण तेवढंच सेंद्रिय द्रव्य वरून खाली बुडून जायला हवं, नाहीतर वरचा थर भरतच जाईल किंवा रिता होईल. १९७९ मध्ये रिचर्ड एपली आणि ब्रूस पीटरसन यांनी हाच धागा पकडून समुद्र किती कार्बन खोल पाठवतो याचा अंदाज बांधला. म्हणून प्लवकांनी नायट्रेट घेतलं की अमोनियम, हा प्रश्न हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब ठेवणाऱ्यांनाही सोडवावा लागतो.

उजेड इथे सरळ एका बाजूने झुकत नाही. खोल जावं तसा उजेड घटतो, म्हणून नायट्रेटचा वाटा कमी व्हायला हवा. पण खोल जावं तसं नायट्रेट वाढतं, म्हणून तो वाढायलाही हवा. कोण जिंकतं ते त्या दिवशीच्या ढगांवर, पाण्याच्या गढूळपणावर आणि वारा खालचं पाणी किती वर आणतो यावर ठरतं. समुद्र तापतोय, तसा वरचा कोमट थर खालच्या थंड पाण्यावर अधिक घट्ट बसतोय. त्या थरात अडकलेल्या पेशींना उजेड जास्त मिळतो, पण खालून येणारं नायट्रेट कमी होतं.

ध्रुवीय समुद्रात हे सगळं वर्षातून एकदा, अगदी ठळकपणे दिसतं. आर्क्टिकच्या उथळ समुद्रात हिवाळाभर वादळं आणि थंडी पाणी घुसळत राहतात आणि नायट्रेट थेट पृष्ठभागापर्यंत येतं. ते तसंच महिनोन्महिने पडून राहतं, कारण वर रात्र असते आणि बर्फ असतो. वसंतात सूर्य चढतो, बर्फ पातळ होतो, आणि डायटम त्याच्या कडेकडेने पसरत काही आठवड्यांत वरच्या थरातलं सगळं नायट्रेट फस्त करतात.